अवतार आणि सूत्रधार : आभासी जगाच्या रचनेतील नाट्यविचार

‘अवतार’ हा शब्द आपल्या इतक्या नित्य परिचयाचा आहे की, तो परदेशी जाऊन नवा वेष धारण करून परत आला, तर आपण क्षणभर थबकतो. कोकणात आणि गोव्यात देवळाच्या जत्रेत रात्रभर रंगणारा दशावतारी खेळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांस या शब्दाचा नाट्यगत अर्थ समजावून द्यावा लागत नाही. दिवसा आपल्या कामधंद्यात असणारा माणूस रात्री तोंडाला रंग लावतो, मुकुट चढवितो आणि देव होतो. पहाट झाली की मुकुट पेटाऱ्यात जातो आणि माणूस घरी जातो. गेल्या चाळीस वर्षांत हाच शब्द संगणकाच्या परिभाषेत शिरला. संगणकाने उभारलेल्या कल्पित जगात मनुष्य ज्या रूपाने वावरतो, त्या रूपास आज जगभर ‘अवतार’ म्हणतात. लुकासफिल्म या अमेरिकन चित्रपटसंस्थेत १९८५ च्या सुमारास ‘हॅबिटॅट’ नावाचे असे एक जग रचण्यास प्रारंभ झाला आणि त्याचे प्रमुख रचनाकार चिप मॉर्निंगस्टार यांनी हा शब्द या अर्थाने तेथे योजिला.

शब्द गेला, परंतु त्या शब्दामागची नाट्यविद्या त्याच्याबरोबर गेली काय? मुकुट चढविण्यापूर्वी कोणते विधी करावे लागतात, रंगणात कोणी कोठे उभे राहावे, खेळ बिघडविणाऱ्यास कोणी आवरावे, या गोष्टी नाटकमंडळ्यांनी शतकानुशतके घडवीत आणल्या. आभासी जगाच्या रचनाकारांनी रंगभूमीकडून काय घेतले, काय घ्यावयाचे राहिले आणि राहिले त्याचे मोल कोणास द्यावे लागले, याचा इतिहास थोडक्यात पाहण्याचा आमचा येथे विचार आहे.

प्रथम ‘आभासी जग’ म्हणजे काय, हे स्पष्ट केले पाहिजे. डोळ्यांवर चष्मा चढवून दिसणारी चित्रे म्हणजेच आभासी जग, अशी एक समजूत रूढ आहे. ती अपुरी आहे. १९७८ साली इंग्लंडातील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोन विद्यार्थ्यांनी ‘मड’ नावाचे जे जग रचण्यास घेतले, त्यात एकही चित्र नव्हते. सारे जग शब्दांचे होते. आपण एका वाटेवर उभे आहोत असे पडद्यावर वाचावयाचे, ‘उत्तरेस’ असे टंकित करावयाचे आणि पुढच्या स्थळाचे वर्णन वाचावयाचे, असा तो प्रकार होता. तरीही ते जग होते; कारण त्यात तीन गोष्टी होत्या. तेथे स्थळ होते आणि आपण गेलो तरी ते मागे राहत होते. तेथे एकाच वेळी अनेक माणसे एकमेकांसमोर उपस्थित असत. आणि एकाने केलेली कृती इतरांस दिसून तिचा परिणाम त्यांच्यावर होत असे. स्थळ, सहउपस्थिती आणि सर्वांसमक्ष घडणारी कृती या तिन्ही गोष्टी नाटकाच्याही मुळाशी आहेत, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. म्हणूनच नाट्यविचाराचा या जगाशी असलेला संबंध वरवरच्या उपमेचा नाही, तो मूळ घडणीचा आहे.

‘आभासी वास्तव’ हा शब्दप्रयोगदेखील प्रथम रंगभूमीच्याच संदर्भात झालेला आढळतो. फ्रेंच नाट्यचिंतक आंतोनँ आर्तो यांनी रंगभूमीवरील आपले निबंध १९३८ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्यांत किमया आणि नाटक यांची तुलना करताना, पात्रे, वस्तू आणि प्रतिमा यांनी रंगभूमीवर जे विश्व साकार होते त्यास त्यांनी हेच नाव दिले आहे. पुढे १९८० नंतरच्या दशकात जॅरन लॅनिअर यांनी हे पद चष्मा आणि हातमोजे यांच्या साह्याने अनुभवावयाच्या यंत्रसृष्टीस लावून लोकप्रिय केले. लॅनिअर यांनी ते आर्तोंकडून उचलले असे आमचे म्हणणे नाही. तथापि, दोन भिन्न काळांतील दोन माणसांना एकच नाव सुचावे, यावरून दोन्ही वस्तूंचे सादृश्य किती निकटचे आहे हे दिसते.

या सादृश्याचा शास्त्रशुद्ध विचार प्रथम विस्ताराने मांडला तो ब्रेंडा लॉरेल यांनी. त्यांचे शिक्षण नाट्यविद्येचे. ओहायो राज्य विद्यापीठात त्यांनी या विषयाचे उच्च अध्ययन केले. १९८० नंतरच्या वर्षांत त्या अटारी या खेळ-उद्योगाच्या संशोधनशाळेत काम करीत होत्या. १९९१ साली त्यांचा ‘कॉम्प्युटर्स अ‍ॅज थिएटर’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी ॲरिस्टॉटलच्या काव्यशास्त्राचा आधार घेतला आहे. शोकनाट्याची जी सहा अंगे ॲरिस्टॉटलने सांगितली, म्हणजे कथानक, स्वभाव, विचार, भाषा, संगीत आणि दृश्य, ती सहाही अंगे मनुष्य आणि संगणक यांच्या व्यवहारास कशी लागू पडतात, हे त्यांनी क्रमवार दाखविले. त्या काळी संगणकाकडे अवजार म्हणून पाहण्याची रीत होती. पडदा म्हणजे कामाचे मेज आणि त्यावरील चिन्हे म्हणजे मेजावरील वस्तू. लॉरेल यांचे म्हणणे असे की, पडद्यावर जे घडते ती एक कृती आहे, तिला आदि, मध्य आणि अंत आहे, आणि माणूस व यंत्र हे दोघेही त्या कृतीतील पात्रे आहेत. रचनाकाराने वस्तूंचा विचार आधी न करता कृतीचा विचार आधी करावा.

या ग्रंथातील एक प्रतिपादन आम्हांस विशेष मोलाचे वाटते, आणि ते मर्यादेविषयीचे आहे. वाटेल ते करण्याची मुभा दिली म्हणजे माणूस सर्जनशील होतो, ही समजूत लॉरेल यांनी खोडून काढली. समोर कोणतीच चौकट नसेल तर माणसाला काय करावे हे सुचत नाही. चौकट हवी, परंतु ती त्या कल्पित जगातूनच उगवलेली असली पाहिजे. बाहेरून लादलेली नसावी. नाटकात राजाने दरबारात कसे वागावे हे त्या दरबाराच्या रचनेवरूनच नटाला कळते, त्यासाठी विंगेतून कोणी ओरडावे लागत नाही.

तरीही एक अडचण उरतेच. ॲरिस्टॉटलचे नाटक कोणीतरी आधी लिहिलेले असते. आभासी जगात जो प्रेक्षक तोच नट. आणि त्याने पुढच्या क्षणी काय करावे हे कोणालाच आधी लिहिता येत नाही. मग या नाटकाचा नाटककार कोण? या प्रश्नाचे उत्तर ग्रंथात न सापडता अनुभवात सापडले, आणि तो अनुभव ‘हॅबिटॅट’चा होता.

‘हॅबिटॅट’ हे जग १९८६ साली चाचणीसाठी खुले झाले. कमोडोर ६४ या घरगुती संगणकावर दूरध्वनीच्या तारेतून ते चाले. चित्रे ओबडधोबड होती. अवतारांच्या डोक्यावर फुग्यात त्यांची वाक्ये उमटत. मॉर्निंगस्टार आणि त्यांचे सहकारी रँडी फार्मर यांनी पुढे १९९० साली आपले अनुभव एका निबंधात सांगितले. तो निबंध या विषयाच्या प्रत्येक अभ्यासकाने वाचावा असा आहे. रहिवाशांच्या करमणुकीसाठी या मंडळींनी एका बेटावरील साहसाचे मोठे कथानक रचले. शंभर स्थळांचे बेट उभारण्यास कित्येक आठवडे लागले; त्यातील भूमिका करणाऱ्यांची जुळवाजुळव करण्यास आणखी दिवस गेले. रहिवासी या खेळात बरेच दिवस गुंतून राहतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात एकाने पहिल्या पंधरा मिनिटांतच कळीची खूण ओळखली आणि सुमारे आठ तासांत कोडे सोडवून टाकले. बाकीच्या पुष्कळांना तर खेळात पाऊल टाकण्याचीही संधी मिळाली नाही. पहिल्या प्रवेशातच एका नटाने नाटक संपवून टाकावे, तशी गत झाली.

यातून त्या रचनाकारांनी जो धडा घेतला, तो सरळपणे मान्य केला. आपण सारे आधी ठरवून लोकांना त्यावरून चालविणारे नियोजक होऊ नये. लोक काय करू पाहतात ते पाहावे आणि त्यास साह्य करावे. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर, नाटककाराची लेखणी खाली ठेवून त्यांनी सूत्रधाराची भूमिका पत्करली.

येथे आमच्या वाचकांस मराठी रंगभूमीच्या प्रारंभाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. उत्तर कानड्यातून आलेल्या मंडळीचे खेळ पाहून सांगलीच्या पटवर्धन संस्थानिकांनी विष्णुदास भावे यांना मराठीत तसा खेळ रचण्यास सांगितले, आणि १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आले. भाव्यांच्या या आख्यानांत पदे रचलेली असत, ती सूत्रधार गाई. पात्रांची भाषणे मात्र लिहिलेली नसत. आख्यानाचा ओघ ठाऊक असलेली पात्रे प्रसंग पाहून स्वतःच्या शब्दांत बोलत. दशावतारी खेळात आजही हीच रीत आहे. कथेचा सांगाडा ठरलेला, बोलणे आयत्या वेळचे, आणि दोहोंचा मेळ घालणारा सूत्रधार रंगणातच उभा. लुकासफिल्मच्या रचनाकारांना भावे ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते, आणि एकाचा प्रभाव दुसऱ्यावर पडला असे कोणी समजू नये. परंतु ज्या प्रश्नाशी ते झगडत होते, त्याचे एक उत्तर सांगलीच्या रंगणात पूर्वीच मिळून गेले होते, एवढे म्हणावयास हरकत नाही.

सूत्रधाराचे हे काम यंत्रालाच शिकविता येईल काय, असा पुढचा प्रश्न होता. कार्नेगी मेलन विद्यापीठात जोसेफ बेट्स यांच्या नेतृत्वाखाली ‘ऑझ’ नावाचा प्रकल्प चालला. यंत्र बनविण्यापूर्वी या मंडळींनी एक शहाणपणाचे काम केले. त्यांनी जिवंत नट घेऊन प्रयोग केला. प्रसंगात एक सामान्य माणूस सोडावयाचा, त्याच्याभोवती नटांनी आपापल्या भूमिका करावयाच्या, आणि तो जे करील ते पाहून दिग्दर्शकाने नटांना गुप्तपणे सूचना द्यावयाच्या, अशी योजना होती. १९९३ साली प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष नाट्यविचाराच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. बाहेरून पाहणाऱ्यास जो प्रसंग संथ किंवा विसंगत वाटे, तोच आत वावरणाऱ्यास उत्कट वाटे. म्हणजे प्रेक्षकाच्या रसास्वादाचे जे नियम आपण नाटकासाठी बसविले आहेत, ते प्रेक्षक कर्ता झाला की जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

या परंपरेतूनच पुढे मायकेल मटीस आणि अँड्र्यू स्टर्न यांनी ‘फसाड’ हे नाट्य रचले. ते जुलै २००५ मध्ये विनामूल्य प्रसिद्ध झाले. ग्रेस आणि ट्रिप या दांपत्याच्या घरी त्यांचा जुना स्नेही म्हणून आपण संध्याकाळी जातो. हसतमुख स्वागताआड त्यांचा संसार मोडत आलेला असतो. आपण टंकित केलेली वाक्ये यंत्र वाचते, त्यांतून आपला कल ओळखते, आणि लिहून ठेवलेल्या लहान लहान प्रसंगखंडांतून पुढचा कोणता आणावयाचा हे ठरविते. प्रवेशाचे असे छोटे छोटे तुकडे पाडण्याची रीत नटांच्या तालमीतून आलेली आहे. आपण फारच अशिष्टपणे वागलो तर ट्रिप आपल्याला घराबाहेर काढतो. सुमारे वीस मिनिटांच्या या नाट्यासाठी दोघा रचनाकारांना पाच वर्षे खर्ची घालावी लागली, आणि तरीही यंत्राने आपले बोलणे भलतेच समजून घेतल्याने पुष्कळदा गंभीर प्रसंगी हसू फुटे. सूत्रधाराचे काम किती सूक्ष्म आहे, याची याहून चांगली साक्ष कोणती हवी?

आतापर्यंत आपण कृतीचा आणि कथानकाचा विचार केला. आता स्थळाकडे वळू. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात कक्ष्याविभाग नावाचा एक संकेत आहे. रंगपीठ एकच, परंतु त्याचे भाग कल्पून कोणता भाग म्हणजे घर, कोणता म्हणजे उपवन, नदी किंवा अरण्य, हे नटाच्या परिक्रमणाने ठरते. नट रंगपीठावर फिरला की स्थळ बदलले. देखावा उभा करावा लागत नाही. प्रेक्षकाने तो संकेत मान्य केलेला असतो. ‘हॅबिटॅट’मध्ये असाच एक विभाग करण्याची वेळ आली. तेथे प्रारंभी कोणीही कोणाची वस्तू चोरू शके आणि शस्त्र चालवून दुसऱ्याच्या अवतारास मारू शके. हा गुन्हा समजावा की खेळाचा भाग, यावर रहिवाशांत कडाक्याचा वाद झाला. कौल घेतला तेव्हा मते निम्मी-निम्मी पडली. खऱ्या आयुष्यात ख्रिस्ती धर्मोपदेशक असलेल्या एका रहिवाशाने तेथे पहिले प्रार्थनामंदिर काढले आणि आपल्या अनुयायांस शस्त्र व चोरी वर्ज्य केली. अखेर तडजोड निघाली ती अशी की, नगराच्या हद्दीत शस्त्र चालावयाचे नाही, हद्दीबाहेरच्या रानात चालावयाचे. भूमी तीच, तिच्या एका भागाचा संकेत वेगळा आणि दुसऱ्याचा वेगळा. कक्ष्याविभागाचा हा नकळत झालेला नवा प्रयोगच होय.

देहाच्या बाबतीत असा प्रयोग ब्रेंडा लॉरेल आणि रेचेल स्ट्रिकलंड यांनी जाणूनबुजून केला. १९९२ ते १९९३ या काळात कॅनडातील बॅन्फ कलाकेंद्रात त्यांनी ‘प्लेसहोल्डर’ नावाचे जग उभारले. आसपासच्या डोंगराळ मुलुखातील गुहा, धबधबा आणि नदीकाठचे सुळके ही तीन स्थळे त्यात घेतली होती. येणाऱ्याने मनुष्यरूपात वावरावयाचे नाही. कावळा, साप, मासा किंवा कोळी यांपैकी एकाचा देह धारण करावयाचा. कावळा झालेल्याने हात फडफडविले की तो उडू लागे. शब्द बोलून एखाद्या जागी ठेवून जाण्याची सोय होती. मागून येणाऱ्यास ते ऐकू येत. त्या जगावर देवीची भूमिका करणाऱ्या एका जिवंत व्यक्तीची नजर असे. ती आत आलेल्यांशी बोले, त्यांना धीर देई, खोडकरपणे उचकावी आणि वाट दाखवी. जे काम यंत्राकडून करून घेण्यासाठी इतरत्र वर्षानुवर्षे खटपट चालली होती, ते येथे निःसंकोचपणे माणसाकडे सोपविले होते.

रंगमंदिराच्या आकाराविषयीही नाट्यशास्त्राने एक गोष्ट बजावून ठेवली आहे. मर्त्यांच्या नाटकासाठी ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद अशा मध्यम आकाराचे प्रेक्षागृह त्याने विहित केले. याहून मोठ्या गृहात नटाचा उच्चार अस्पष्ट होतो आणि मुखावरील भाव प्रेक्षकांपर्यंत पोहोचत नाहीत, असे कारणही दिले. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेत रामकृष्ण कवी यांनी अभिनवगुप्ताच्या टीकेसह या ग्रंथाचा पहिला खंड १९२६ साली प्रसिद्ध केला, तेव्हापासून हे विवेचन अभ्यासकांना सुलभ झाले आहे. आभासी जगाच्या रचनाकारांपर्यंत मात्र ते पोहोचले नसावे. विस्तार म्हणजेच वैभव, अशी त्यांच्यांतील पुष्कळांची समजूत झाली. २००३ साली सुरू झालेल्या ‘सेकंड लाइफ’ या जगात २००६-०७ च्या सुमारास मोठमोठ्या व्यापारी कंपन्यांनी भव्य इमारती उभारल्या, आणि त्यांतील अनेक इमारतींत चिटपाखरूही फिरकत नसल्याची वर्णने लवकरच वृत्तपत्रांतून येऊ लागली. समोरच्याचा चेहरा दिसेल आणि शब्द ऐकू येईल एवढीच जागा माणसाला हवी असते. बाकीचे केवळ माळरान.

परंतु आकाराची चूक भरून निघू शकते. संरक्षणाची चूक मात्र माणसाला जखम करते. ‘लॅम्डामू’ हे शब्दांचेच जग होते. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधनशाळेत पॅव्हेल कर्टिस यांनी ते १९९० नंतर चालविले. तेथील व्यवस्थापकांना ‘जादूगार’ म्हणत. रहिवाशांच्या आपसांतील तंट्यांत आपण यापुढे पडणार नाही, असे त्यांनी १९९२ च्या अखेरीस जाहीर केले. त्यानंतर काही महिन्यांतच एका रहिवाशाने एक क्लृप्ती वापरून, दिवाणखान्यात सर्वांसमक्ष, इतरांच्या अवतारांकडून त्यांच्या इच्छेविरुद्ध अश्लील आणि क्रूर कृत्ये घडत असल्याची वाक्ये उमटविली. ज्यांचे ते अवतार होते, त्या स्त्रिया आपापल्या घरी संगणकासमोर बसून आपल्या नावाने हे घडताना वाचीत होत्या. पत्रकार ज्युलियन डिबेल यांनी १९९३ च्या डिसेंबरात या घटनेवर लेख लिहिला, तेव्हा ती जगाला कळली. हे सारे शब्दच होते, मग दुखावण्यासारखे काय होते, असा प्रश्न तेव्हाही पुष्कळांनी विचारला. नाटकाचा अनुभव असलेला मनुष्य तो विचारणार नाही. नटाने रंग उतरविला की भूमिका संपते हे खरे. पण रंग लावलेला असताना त्या चेहऱ्याखाली त्याचाच चेहरा असतो. दुसऱ्याच्या तोंडून त्याच्या संमतीवाचून भाषण वदविणे हा रंगभूमीवरील सर्वांत मोठा अपराध आहे.

आणि गंमत नव्हे तर आश्चर्य असे की, नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात अशाच एका उपद्रवाची कथा येते. भरताने पहिला प्रयोग केला तो देवांच्या विजयाचा. त्यात आपला पराभव दाखविलेला पाहून दैत्य संतापले; त्यांनी विघ्नांना हाताशी धरून नटांची वाणी, हालचाल आणि स्मृती जखडून टाकली. म्हणजे नटाचा देह नटाच्या ताब्यात राहिला नाही. तेव्हा इंद्राने ध्वजदंड उचलून विघ्नांना झोडपले. तो दंड ‘जर्जर’ या नावाने प्रसिद्ध झाला. परंतु दंडाने उपद्रव थांबला नाही. मग ब्रह्मदेवाने विश्वकर्म्याकडून नाट्यगृह बांधविले आणि त्याच्या प्रत्येक भागास रक्षक देवता नेमल्या. तेवढ्यानेही न थांबता त्याने दैत्यांस बोलावून त्यांची तक्रार ऐकली आणि नाट्य हे एकट्या देवांचे किंवा एकट्या दैत्यांचे नसून तिन्ही लोकांच्या भावांचे अनुकीर्तन आहे, असे त्यांस समजावून सांगितले. दंड, गृह आणि संवाद अशा या तीन पायऱ्या आहेत.

‘लॅम्डामू’त काय घडले ते या कथेशेजारी ठेवून पाहावे. प्रथम रहिवाशांची सभा भरली, वाद झाला, निर्णय होईना. तेव्हा एका जादूगाराने स्वतःच्या अधिकारात त्या उपद्रवी पात्रास जगातून नाहीसे केले. तो जर्जराचा प्रहार झाला. त्यानंतर कर्टिस यांनी रहिवाशांना अर्ज करण्याची आणि मतदानाने निर्णय घेण्याची पद्धत घालून दिली. म्हणजे गृह आणि संवाद यांची व्यवस्था केली. ज्या क्रमाने आमच्या प्राचीन ग्रंथकाराने हा प्रश्न सोडविला, त्याच क्रमाने तो कॅलिफोर्नियात सुटला. फरक एवढाच की, आमच्याकडे ती कथा नाट्यविद्येच्या प्रारंभी सांगितली आहे आणि तेथे ती जखम झाल्यावर शिकावी लागली.

प्रेक्षकास कर्ता करण्याचा सर्वांत निर्भय प्रयत्न विसाव्या शतकात ब्राझीलचे अगुस्तो बोआल यांनी केला. त्यांच्या संवाद-रंगभूमीत अन्यायाचा प्रसंग दाखवितात. मग प्रेक्षकांपैकी कोणीही ‘थांबा’ म्हणून नटाची जागा घ्यावी आणि आपल्या मते काय करावयास हवे होते ते करून दाखवावे. गोंझालो फ्रास्का यांनी २००१ साली आपल्या प्रबंधात हीच रीत संगणकी खेळांच्या रचनेस कशी लावता येईल याचा विचार मांडला. परंतु बोआल यांच्या प्रयोगातील एका व्यक्तीकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. ‘जोकर’ नावाचा एक सूत्रधार तेथे नट आणि प्रेक्षक यांच्या मध्ये उभा असतो. तो नियम सांगतो, पुढे येणाऱ्यास हात देतो, प्रश्न विचारतो. तो सर्वांना दिसतो. त्याच्या त्या दिसण्यानेच अनोळखी माणसाला रंगभूमीवर पाऊल टाकण्याचे धैर्य येते.

अलीकडील दोन उदाहरणे देऊन आम्ही हे विवेचन आवरते घेतो. २०२० साली महामारीने जगभरची नाट्यगृहे बंद पडली, तेव्हा अमेरिकेतील ‘टेंडर क्लॉज’ या मंडळीने शेक्सपिअरच्या ‘टेम्पेस्ट’वर आधारलेला प्रयोग आभासी जगात केला. एक जिवंत नट आपल्या घरून, चष्मा लावून, थोड्याशा पाहुण्यांना त्या बेटावर नेई. पाहुण्यांना बोलता येत नसे. ते हावभाव करीत, चुटक्या वाजवीत आणि नटाने दिलेल्या छोट्या भूमिका करीत. लहान गृह, स्पष्ट संकेत आणि दिसणारा सूत्रधार या तिन्ही गोष्टी येथे होत्या. दुसरे उदाहरण इंग्लंडातील. २०२१ च्या टाळेबंदीत सॅम क्रेन आणि मार्क ऊस्टरव्हीन या दोघा बेकार नटांना ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ या हिंसाचाराने भरलेल्या खेळाच्या जगात एक खुले नाट्यगृह सापडले, आणि त्यांनी तेथे ‘हॅम्लेट’ करण्याचा निश्चय केला. तालमीच्या वेळी अनोळखी माणसे येऊन नटांना गोळ्या घालीत. नट पुन्हा उठून तेच भाषण पुढे चालू करीत. या उद्योगाचा चित्रपट २०२४ साली लोकांसमोर आला. विघ्नांनी वेढलेल्या भरताच्या नटांची आठवण येथे कोणास होणार नाही?

आज या जगांत वावरणाऱ्यांत लक्षावधी मुले आहेत. २०२१ साली फेसबुक चालविणाऱ्या कंपनीने आपले नाव बदलून ‘मेटा’ असे ठेवले, ते याच जगांच्या भवितव्यावर भिस्त ठेवून. रंग, प्रकाश आणि ध्वनी यांची सामग्री आता विपुल आहे. भरताला ती स्वप्नातही मिळाली नसती. कमतरता आहे ती सूत्रधाराची. नियम आहेत, पण ते लांबलचक करारपत्रांत दडलेले. रक्षक आहेत, पण ते कोठे बसले आहेत हे रहिवाशाला ठाऊक नसते. आणि तक्रार ऐकणारा बहुधा यंत्रच असतो.

आमच्या रंगभूमीची जुनी रीत अशी की, नाटकापूर्वी पूर्वरंग होतो. सूत्रधार सर्वांसमक्ष येतो, जर्जराचे पूजन होते आणि तो दंड त्याच्या हाती येतो. ज्या दंडाने पहिल्या प्रयोगातील विघ्ने हटली, तो कोणाच्या हातात आहे हे प्रत्येक प्रेक्षकाला दिसते. आणि ज्याच्या हातात तो आहे, त्याला प्रेक्षकांसमोर उभे राहावे लागते. आभासी जगाच्या रचनाकारांनी आमच्याकडून ‘अवतार’ हा शब्द नेला, त्याचा आम्हांस आनंदच आहे. त्यांनी पुन्हा एकदा यावे आणि सूत्रधारही न्यावा.